स्टेनलेस स्टीलवर काळं फिनिश: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

साध्या लोखंडाचा बोल्ट काळा करणं सोपं आहे. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सिअसला, तो बुडवून ठेवला की पृष्ठभागावरच्या लोखंडाचंच मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, होतं आणि बोल्ट काळा होऊन बाहेर येतो. त्याच टाकीत स्टेनलेसचा, ३०४ ग्रेडचा बोल्ट टाकला तर तो गेला तसाच परत येतो, फार तर थोडा जास्त स्वच्छ होऊन. बाटलीत मिळणारं, फडक्याने चोळायचं थंड द्रावण वापरलंत तरी तेच. दोन-चार करडे ओघळ उमटतात आणि अंगठा फिरवला की निघून जातात.

याचं कारण स्टेनलेसच्या अंगावरच्या सायीत आहे. या स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं, ३०४ मध्ये तर १८ टक्क्यांच्या आसपास. हवेतला ऑक्सिजन मिळाला की क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर आपोआप धरतो. दुधावरची साय बाजूला सारली तरी पुन्हा धरते, तसाच हा थर. तुम्ही एमरीने घासा, ॲसिडने खरवडा, तो क्षणात परत येतो. स्टेनलेस गंजत नाही ते याच थरामुळे, आणि त्यावर दुसरं काही टिकत नाही तेही याच थरामुळे. वर चढवलेला धातू स्टीलला धरत नाही, सायीला धरतो. साय सुटली की सगळंच पापुद्र्यासारखं निघतं.

म्हणून या लेखात काळ्या रंगावर थोडं आणि त्याच्या आधीच्या तयारीवर खूप लिहिलं आहे. काळा थर चढायला पाच-दहा मिनिटं पुरतात. बाकी सगळा वेळ साय काढण्यात आणि ती परत धरायच्या आत तिच्या जागी दुसरा धातू बसवण्यात जातो. हे एक जमलं की काळा, तांबूस, सोनेरी, कुठलाही थर तुमच्या हातात आहे.

आधी जॉब, म्हणजे काम करायची वस्तू, कुठे राहणार ते ठरवा

काळ्या फिनिशचे प्रकार बरेच आहेत आणि सगळे दिसायला जवळपास सारखेच वाटतात. फरक कळतो तो सहा महिन्यांनी.

सतत हाताळली जाणारी वस्तू असेल, म्हणजे घड्याळाची केस, नळ, दाराची मूठ, तर पीव्हीडी करून घ्यावी. निर्वात कक्षात धातूची वाफ करून ती जॉबवर बसवतात. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा गडद, किंचित जांभळट छटेचा थर असतो. हिऱ्यासारख्या कार्बनचा, ज्याला डीएलसी म्हणतात, तो अधिक काळा. जाडी साधारण १ ते ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण कठीणपणा स्टीलच्या कितीतरी पट. हे घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये होत नाही, बाहेरूनच करून घ्यावं लागतं. देताना चार गोष्टी पाहा. जॉबवर झिंक, पितळ किंवा सोल्डर नको, कारण झिंक निर्वातात वाफ सोडतं आणि सगळी बॅच बिघडवतं. आंधळ्या, म्हणजे आरपार न गेलेल्या, भोकांत तेल किंवा पॉलिशचा मेणचट लगदा राहिलेला नको. खोल खाचांच्या आत थर पोचत नाही, तो समोर दिसणाऱ्या भागावरच नीट बसतो. आणि जिथे जॉब लटकवतात तिथे खूण राहते, ती कुठे चालेल हे तुम्हीच आधी सांगा. आणखी एक: थर कितीही कठीण असला तरी खालचं ३०४ मऊच आहे. जोराचा ठोका बसला तर गादीवर ठेवलेल्या काचेसारखी त्याची गत होते.

दुसरा मार्ग ब्लॅक क्रोमचा. निकेलच्या थरावर चढवलेला हा क्रोमियम आणि त्याच्या ऑक्साइडचा मिश्र थर असतो. तो उन्हाची उष्णता फार चांगली शोषतो, म्हणून सौर बंबाच्या शोषक पत्र्यावर वापरला गेला. टिकाऊ आहे. मात्र त्याचा पारंपरिक बाथ, म्हणजे जॉब बुडवायचं द्रावण, क्रोमिक ॲसिडचा, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा. तसंच वितळलेल्या डायक्रोमेटमध्ये, ४०० अंशांच्या आसपास, स्टेनलेस थेट काळं करायची जुनी पद्धत, आणि क्रोमिक-सल्फ्युरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात रंग आणायची पद्धत. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक म्हणून पक्कं नोंदलेलं आहे. या तिन्ही गोष्टी नवशिक्याने करू नयेत. यात मला कसलीही सवलत द्यावीशी वाटत नाही.

गॅसच्या बर्नरने तापवून रंग आणायचा मोहही होतो. तापवल्यावर स्टेनलेस आधी गवती पिवळं, मग तपकिरी, जांभळं, निळं होत जातं; एकसारखं काळं होत नाही. शिवाय साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ३०४ रेंगाळलं तर क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन कणांच्या सीमांवर अडकतं, आणि मग तिथूनच गंज सुरू होतो. रंगासाठी स्टीलचा गुण घालवण्यात अर्थ नाही.

उरतो तो मार्ग आपल्या कामाचा: आधी निकेल स्ट्राइक, म्हणजे पकड देणारा निकेलचा अगदी पातळ थर, त्यावर तांबं, आणि तांब्याला गंधकाने काळं करणं. घरातल्या शोभेच्या वस्तू, नावाच्या पाट्या, दागिन्यांचे सुटे भाग, कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या आतले भाग, मॉडेलचे तुकडे यांना हे उत्तम. पावसात, समुद्राजवळ किंवा रोजच्या घासाघाशीत मात्र नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांना आतून-बाहेरून कुठूनच नाही. आणि अंगाला सतत लागणारी वस्तू असेल तर निकेलची ॲलर्जी पुष्कळांना असते हे लक्षात ठेवा.

ग्रेड ओळखा

३०४ आणि ३१६ वर ही पद्धत व्यवस्थित चालते. लोहचुंबक लावून पाहा. या दोन्हींना तो जवळजवळ धरत नाही. वाकवलेल्या किंवा ओढलेल्या जागी थोडासा धरतो. चुंबक घट्ट चिकटला तर ४३० किंवा ४२० सारखा ग्रेड समजा. ४३० वर काम होतं. पण कडक केलेली ४२० किंवा ४४०सी ची पाती आणि स्प्रिंग यांना हात लावू नका. ॲसिड आणि प्लेटिंगच्या (विजेने धातू चढवण्याच्या) वेळी निघणारा हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो आणि नंतर भाराखाली ते अचानक तडकतं. लेथवर सहज कापता यावं म्हणून ३०३ मध्ये मुद्दाम गंधक घातलेला असतो. ॲसिडमध्ये त्यावर काजळी धरते आणि बारीक खड्डे पडतात. पहिल्या कामाला ३०३ घेऊ नये.

सुरुवात १० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद अशा सपाट ३०४ च्या पट्टीने करा. दोन्ही बाजू मिळून १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बरोबर १ चौरस डेसिमीटर. प्लेटिंगमधला करंट नेहमी दर चौरस डेसिमीटरला किती अँपिअर असाच सांगतात, त्यामुळे या पट्टीवर आकडेमोडच उरत नाही. अशा पाच-सहा पट्ट्या कापून ठेवा. सगळ्या लागतील.

काय काय लागेल

० ते १२ व्होल्ट आणि निदान ५ अँपिअर देणारा डीसी पॉवर सप्लाय, ज्यावर करंट बांधून ठेवता येतो. शुद्ध निकेलची पट्टी आणि शुद्ध तांब्याची पट्टी, ॲनोड म्हणून, म्हणजे धन टोकाला जोडायला. काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची एक-एक लिटरची भांडी. तांब्याची १ मिलिमीटर तार. डिस्टिल्ड पाणी भरपूर. थर्मामीटर. नायट्रिलचे हातमोजे, चारही बाजूंनी बंद असलेला रासायनिक गॉगल, ॲप्रन.

जागा उघडी, हवेशीर हवी. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफा नुसत्या नाकालाच झोंबत नाहीत, खोलीतल्या प्रत्येक लोखंडी अवजाराला रात्रीत गंज आणतात. हत्यारांच्या कपाटाजवळ ही टाकी कधीही ठेवू नका.

एक सूचना आधीच सांगतो, कारण ही चूक सर्रास होते. ॲनोड म्हणून स्टेनलेसचा चमचा किंवा पट्टी वापरू नका, कुठल्याच बाथमध्ये. ॲनोडला लावलेलं स्टेनलेस विरघळतं, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याचं हेक्साव्हॅलंट रूप तयार होऊ शकतं. ज्या विषापासून लांब राहायचं म्हणून आपण ही पद्धत निवडली, तेच आपल्या भांड्यात तयार होतं.

दोन बाथ

निकेल स्ट्राइकच्या या बाथला वुड्स निकेल स्ट्राइक म्हणतात. एक लिटरसाठी २४० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि १२५ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड. भांड्यात आधी अर्धा लिटर पाणी घ्या, त्यात हळूहळू ॲसिड ओता, मग निकेल क्लोराइड विरघळवा, शेवटी पाण्याने एक लिटर करा. ॲसिड नेहमी पाण्यात; पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. द्रावण गर्द हिरवं होतं. निकेलचे क्षारही कर्करोगकारक गटातच मोडतात, विशेषतः श्वासातून गेले तर. पावडर मोजताना मास्क लावा, सांडलेली पावडर ओल्या फडक्याने टिपा, झाडू नका.

तांब्याच्या बाथसाठी एक लिटरला २०० ग्रॅम कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद, आणि ३० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. शेतीच्या फवारणीचं मोरचूद बहुधा पुरेसं शुद्ध नसतं, प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात पडताना पाणी चांगलंच तापतं. थेंबाथेंबाने घाला आणि ढवळत राहा. चमक आणणारी रसायनं यात घालू नका. आपल्याला मॅट तांबं हवं आहे, त्यावरच काळा रंग गर्द दिसतो.

स्वच्छता

पट्टीचे काठ कानशीने मोडून घ्या. धारदार काठावर करंट गोळा होतो आणि तिथे थर जळतो. मग ३२० नंबरच्या एमरीने, पाणी लावून, एकाच दिशेने घासा. आरशासारख्या पॉलिशवर काळा रंग चढवला तर तो काळ्यापेक्षा करडाच दिसतो, कारण प्रकाश परत फेकला जातो. काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करता आलं तर सगळ्यात सुंदर. मात्र ज्या यंत्रात आधी लोखंडी जॉब मारलेले आहेत ते वापरू नका, लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि नंतर ठिपक्यांनी गंजतात. लोखंडी तारेचा ब्रशही याच कारणासाठी वर्ज्य.

आता तेल काढायचं. फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ॲसिटोन उडून जातो आणि त्यात विरघळलेलं तेल पातळ थर होऊन तिथेच राहतं. ॲसिटोन ही पहिली पायरी. त्यानंतर लिटरला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या ६०-७० अंशांच्या पाण्यात पट्टी पाच मिनिटं ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. त्याच पाण्यात पट्टीला ऋण टोक आणि साध्या लोखंडाच्या तुकड्याला धन टोक जोडून दोन-तीन मिनिटं करंट दिलात तर आणखी उत्तम. पट्टीवर उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे उरलीसुरली घाण ढकलून काढतात.

मग तपासणी. पट्टी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून उभी धरा आणि तीसपर्यंत मोजा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पट्टी स्वच्छ. कुठे पडदा फाटला, थेंब गोळा झाले, पाणी मागे सरकलं, तर तिथे तेल आहे. परत सोड्यात. या तपासणीला फक्त पाणी लागतं, आणि मी पाहिलेली निम्म्याहून जास्त बिघडलेली कामं इथेच पकडली गेली असती. यापुढे पट्टीला उघडा हात लावायचा नाही. तार आधीच बांधलेली हवी, धरायचं तारेला.

स्ट्राइक: इथे घाई करायची आणि इथेच थांबायचंही

माझी पहिली पट्टी दिसायला देखणी झाली होती. काळी, मखमली, एकसारखी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर सेलोटेप दाबून ओढली तर काळा थर, तांबं, निकेल सगळं एका तुकड्यात टेपला चिकटून आलं आणि खालचं स्टील जणू काही झालंच नाही असं लखलखत होतं. त्या पापुद्र्याची स्टीलकडची बाजू चकचकीत होती, एमरीच्या रेघा तिच्यावर ठशासारख्या उमटलेल्या. म्हणजे निकेल स्टीलला टेकलं होतं, धरलं नव्हतं. मी ॲसिडमधून पट्टी काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या नळावर निवांत धुतली होती आणि मग बाथमध्ये सोडली होती. तेवढ्या वेळात साय परत धरली.

वुड्स बाथची खुबी अशी की ॲसिड आणि निकेल एकाच भांड्यात आहेत. साय काढायला आणि निकेल बसवायला पट्टी हवेत आणावीच लागत नाही. क्रम असा:

१. निकेलचा ॲनोड धन टोकाला, बाथमध्ये लटकवलेला. करंट बंद.
२. स्वच्छ, ओली पट्टी ऋण टोकाच्या तारेला जोडून बाथमध्ये सोडा. ॲनोडपासून ८-१० सेंटिमीटर अंतर.
३. करंट न देता ३० सेकंद थांबा. या वेळात ॲसिड साय खातं.
४. पट्टी जागची न हलवता करंट सुरू करा: ३ अँपिअर, ३ मिनिटं. पट्टीवर बुडबुडे जोरात उठतील, ते अपेक्षित आहे. इथे बराचसा करंट हायड्रोजनवरच खर्च होतो. दीड मिनिटाने पट्टी फिरवून दुसरी बाजू ॲनोडसमोर आणा, पण बाथबाहेर काढू नका.
५. बाहेर काढा, डिस्टिल्ड पाण्याच्या दोन भांड्यांत एकामागून एक बुचकळा आणि ओलीच पुढच्या बाथमध्ये.

काढल्यावर पहिल्यांदा वाटतं की काहीच चढलं नाही. कोऱ्या पट्टीशेजारी धरून बघा. स्टेनलेस किंचित निळसर दिसतं, निकेल किंचित पिवळसर, उबदार. हा थर एखाद्या मायक्रॉनचाच असतो आणि तेवढाच हवा. त्याचं काम फक्त स्टील आणि तांबं यांना जोडून ठेवणं.

काही जण आधी उलटा करंट देऊन पट्टीला ॲनोड करतात, साय लवकर निघावी म्हणून. निघतेही. पण त्याच वेळी लोखंड आणि क्रोमियम बाथमध्ये उतरतं आणि बाथ लवकर खराब होतो. आपल्यासारख्या एक लिटरच्या बाथला ते परवडत नाही.

तांबं

पट्टी तांब्याच्या बाथमध्ये उतरवताना सप्लाय आधीच चालू ठेवा, म्हणजे ती द्रावणाला टेकताच करंट सुरू होतो. खोलीच्या तापमानाला, २ अँपिअर, २० मिनिटं. दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर दिला तर तासाला सुमारे १३ मायक्रॉन तांबं चढतं, त्या हिशेबाने इथे ९ मायक्रॉनच्या आसपास मिळेल. द्रावण अधूनमधून ढवळा आणि पट्टी मध्येच फिरवा.

चांगलं तांबं फिकट गुलाबी, मॅट, एकसारखं दिसतं. काठावर गडद लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर ते जळालेलं तांबं. करंट कमी करा, ॲनोड लांब न्या. भुकटीवर काळा रंग चढतो, पण तो हाताला लागतो.

आटे असलेल्या जॉबची वेगळी काळजी घ्यावी लागते. ६० अंशांच्या आट्यांवर थराच्या जाडीच्या चौपट इतका पिच व्यास, म्हणजे आट्यांच्या उंचीच्या मध्यावर मोजलेला व्यास, वाढतो. १० मायक्रॉनचा थर म्हणजे ४० मायक्रॉन, आणि बारीक स्क्रूवर नट अडकायला तेवढं पुरतं. तिथे तांब्याला पाच-सात मिनिटंच द्या, किंवा आटे मेणाने झाका.

काळं करणं

तांब्याच्या बाथमधून काढलेली पट्टी दोन पाण्यांत धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला २० ग्रॅम, अर्धा मिनिट धरा आणि परत धुवा. ही पायरी टाळू नका. पुढचं द्रावण लिव्हर ऑफ सल्फरचं, म्हणजे पोटॅशियम पॉलिसल्फाइडचं. त्याला ॲसिड लागलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हाच. मात्रा वाढली की नाक त्याचा वास घेणंच बंद करतं, आणि तो जीवघेणा आहे. म्हणून हे भांडं ॲसिडच्या दोन्ही बाथांपासून लांब, शक्यतो वेगळ्या टेबलावर, मोकळ्या हवेत.

लिटरभर ४०-५० अंशांच्या पाण्यात ५ ग्रॅम लिव्हर ऑफ सल्फर घाला. जास्त घालायचा मोह होईल. गडद द्रावणात पट्टी क्षणात काळी होते खरी, पण तो जाड, ठिसूळ थर असतो आणि वाळल्यावर कोंड्यासारखा निघतो. पातळ द्रावणात रंग सावकाश येतो: आधी सोनेरी, मग तांबूस, जांभळट, निळसर, आणि शेवटी करडा-काळा. हे पाहणं मला प्रत्येक वेळी आवडतं. निळसर छटा आली की पट्टी बाहेर काढा, धुवा, मऊ पितळी ब्रशने अगदी हलक्या हाताने ओली असतानाच घासा आणि परत बुडवा. असं तीन वेळा. सैल थर निघून जातो आणि घट्ट थरावर घट्ट थर बसतो. शेवटची बुडी घासण्याशिवाय.

कोमट पाण्याने धुवा, हेअर ड्रायरने वाळवा. वाळलेली पट्टी राखाडी, धुळकट दिसेल आणि मन खट्टू होईल. थांबा. मायक्रोक्रिस्टलाइन मेण मऊ फडक्यावर अगदी कमी घेऊन चोळा, आणि राखेतून कोळसा वर यावा तसा काळा रंग उघडतो. हाताळायची वस्तू असेल तर मेणाऐवजी मॅट ॲक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिलात तर ओघळ येतात आणि मॅटपणाही जातो. मेणावर लॅकर बसत नाही, दोन्हींपैकी एकच निवडा.

हात बसला की तांबं काळं करण्याऐवजी शेवटी ब्लॅक निकेल करून पाहा. स्ट्राइक तोच, त्यावर साध्या निकेलचा किंवा तांब्याचा थर, आणि वर निकेल, झिंक, गंधक यांचा काळा थर. याचा बाथ तयार मिश्रणातून करावा. करंट फार कमी लागतो, दर चौरस डेसिमीटरला ०.१ ते ०.२ अँपिअर. नवशिक्यांचा करंट इथे हमखास जास्त होतो. थर पातळ आणि ठिसूळ असतो, म्हणून त्यालाही वरून लॅकर हवाच.

बिघडलं तर

पट्टी २४ तास ठेवून टेपची तपासणी करा: धारदार सुरीने एकमेकांना छेदणाऱ्या रेघा मारा, टेप दाबून बसवा, झटक्यात ओढा. पापुद्रा कुठून सुटला ते नीट बघा, त्यावरूनच दोष कळतो. खाली पांढरं स्टील दिसलं तर स्ट्राइक चुकला: साय राहिली, तेल राहिलं किंवा करंट द्यायला उशीर झाला. खाली निकेल दिसलं तर स्ट्राइक आणि तांबं यांच्यामध्ये पट्टी वाळली. निकेलवरही हवेत साय धरते. तांबं दिसलं आणि टेपवर फक्त काळं आलं तर गंधकाचं द्रावण गडद होतं. एक पट्टी मुद्दाम वाकवूनही बघा, घडीच्या बाहेरच्या बाजूला तडे चालतील, सालं निघता कामा नयेत.

फोड दिसले तर बहुतेक वेळा तेल किंवा आंधळ्या भोकात अडकलेलं ॲसिड. रंग चट्ट्याचट्ट्याने आला तर तांब्यावर बोटांचे ठसे. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. थर एमरीने पूर्ण काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. अर्धवट सुटलेल्या थरावर नवा थर चढवून टिकलेला मी पाहिलेला नाही.

टाकाऊ पाणी

निकेल आणि तांबं असलेलं कुठलंही पाणी, धुतलेलं पाणीसुद्धा, मोरीत किंवा जमिनीवर ओतायचं नाही. दोन्ही धातू पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत. धुण्याची पाणी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात साठवा. गंधकाचं पाणी या पिंपात कधीही टाकू नका, तिथे ॲसिड आहे. त्याला वेगळा डबा. पिंपात धुण्याचा सोडा थोडाथोडा घाला, फेस येईल म्हणून पिंप अर्धंच भरलेलं असू द्या. पीएच ९ च्या आसपास गेला की हिरवट-निळा साका खाली बसतो. वरचं पाणी नितळ दिसलं तरी त्यात धातूचा अंश उरतोच, त्यामुळे साका आणि पाणी दोन्ही घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या.

बाथ मात्र फेकायचे नसतात. काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत गाळून भरा. बाटलीवर नाव, घटक आणि तारीख लिहा, आणि मुलांच्या हाताला न लागणाऱ्या कुलपाच्या कपाटात ठेवा. लिव्हर ऑफ सल्फरचे खडे अंधारात, हवाबंद डब्यात. ते पिवळट-तपकिरी असतात तोवर चांगले, पांढरे पडले की निकामी. विरघळवलेलं द्रावण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, दर वेळी नवं करावं.